सावळाराम काळे, वेल्डर

"हे नाव लाल का झालं?" मल्हार भापकरांनी नूरजहाँच्या खुर्चीमागून विचारलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या होत्या. एक बॉयलरच्या नळ्या बदलण्याची, अठरा दिवसांची. दुसरी वाफेच्या मोठ्या लाइनचे जोड मारण्याची, सोळा दिवसांची. सकाळपर्यंत पहिली पट्टी संपली की तिच्या टोकापासून दुसरी सुरू होत होती. आता साहेबांनी सांगितलं म्हणून नूरजहाँनं दुसरी पट्टी माऊसनं धरून मागे ओढली होती आणि बरोबर पहिलीच्या खाली आणून ठेवली होती. पट्टी मुकाट्यानं आली. पण शेजारच्या यादीतलं एक नाव लाल झालं. बिरदेव मारकड.

"माणूस एक आणि कामं दोन, एकाच वेळेला," ती म्हणाली. "म्हणून लाल. रोज आठ तासांच्या जागी त्याच्यावर सोळा पडत्यात."

"मग लाल घालवा."

"घालवायचं बटण हाय साहेब. पण ते दाबलं की लाइनचं काम परत पुढं जातं. चोवीस ऑक्टोबरला संपतं."

चोवीस ऑक्टोबर चालणार नव्हता. दसरा अकराला होता आणि दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटायचा होता. पत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाल्याला सांगून झालं होतं.

नीरामाई इंजिनियरिंग ही बारामतीच्या एमआयडीसीतली कंपनी साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं घ्यायची. हंगाम संपला की कारखाना उघडायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुढच्या हंगामाआधी बंद करून द्यायचं. त्या साली, सत्त्याण्णवला, इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्याचं मोठं काम मिळालं आणि कारखान्यानं अट घातली की वेळापत्रक कॉम्प्युटरवर करून द्या. म्हणून कंपनीनं कॉम्प्युटर घेतला, पट्ट्यांचा तो प्रोग्रॅम घेतला, आणि नऊ वर्षं टाइम ऑफिसात टाइपरायटर बडवणाऱ्या नूरजहाँ आतारला तीन महिन्यांच्या क्लासला घातलं. क्लासातली पोरं विशीतली, ही चौतीस वर्षांची, एका मुलीची आई. पण सगळ्यांत आधी शिकली ती. तिला तो प्रोग्रॅम आवडला होता. एक काम लांबलं की त्याच्यावर अवलंबून असलेली बाकीची कामं आपोआप पुढे सरकायची. कुणाला वाईट वाटेल म्हणून थांबायची नाहीत. नऊ वर्षांत त्या ऑफिसात तोंडावर खरं सांगणारं तिला पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं.

मल्हार भापकर हा प्रोजेक्ट मॅनेजर. बारामतीकडच्याच एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला शिकून इंजिनियर होऊन आलेला. वाईट माणूस म्हणावा असा नव्हता. कामगारांच्या लग्नाकार्याला जायचा, पंगतीला मांडी घालून बसायचा. पण तारीख म्हटली की त्याला दुसरं काही दिसत नसे.

नूरजहाँनं त्याला समजावून पाहिलं. दोन्ही कामांना बॉयलर खात्याचा परवाना असलेलाच वेल्डर लागतो आणि कंपनीत तसा एकच आहे, बिरदेव. तो दिवसा बॉयलरवर असेल तर लाइनवर कोण? साहेब म्हणाले, दुसरा वेल्डर येतोय, वालचंदनगरकडच्या एकाशी बोलणं चाललंय. तोपर्यंत यादीत त्याचं नाव टाकून ठेवा.

"नाव काय त्याचं?"

"ठरलं न्हाय अजून. कुणाचंबी टाका. मागनं बदलू."

तिनं "वेल्डर-२" असं टाइप केलं. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. कारखान्याला नावानिशी यादी लागते, असं नुसतं चालत नाही. मग नूरजहाँनं मनात येईल ते पहिलं नाव टाइप केलं. सावळाराम काळे. तिच्या ओळखीत या नावाचं कुणीच नव्हतं, म्हणूनच ते सुचलं असावं. वाफेच्या लाइनचं काम तिनं त्या नावावर टाकलं आणि बिरदेवचं नाव काळं झालं. दोन पट्ट्या, एकीखाली एक, दहा ऑक्टोबरच्या आत संपणाऱ्या. साहेबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि प्रिंट काढायला सांगितलं.

प्रिंटर कर्कश ओरडत कागद बाहेर टाकत होता तेव्हा ती रागावली होती. आपला राग नेमका कुणावर आहे हे त्या दिवशी तिला कळलं नाही. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. अमजद एसटीच्या बारामती डेपोत मेकॅनिक. तो जेवता जेवता म्हणाला की आमच्यात असला एक ड्रायव्हर कागदावर असता तर गाडी स्टँडातच उभी राहिली असती, लोकांनी बोंब मारली असती. तुमच्यात बोंब मारायला कोण आहे?

बोंब मारायला कुणी नव्हतं. बिरदेव तर मुळीच नव्हता.

बिरदेव सिदू मारकड पन्नाशीला टेकलेला, अंगानं वाळका, बोलायला बेताचा. त्याचा बाप मेंढरं घेऊन दर साली कोकणाच्या अंगाला उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. बिरदेव सोळाव्या वर्षी कळप सोडून वालचंदनगरला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर लागला. तिथे कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकला. बॉयलर खात्याच्या परीक्षेत त्यानं मारलेला जोड यंत्रात घालून वाकवला, परत वाकवला, तडा गेला नाही. तो परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचा. जोड थंड झाला की त्याच्यावरून अंगठा फिरवायचा, आणि मग काही न बोलता पुढच्या जोडाला जायचा.

काम वीस सप्टेंबरला सुरू झालं. सोमवारी आणि गुरुवारी नूरजहाँ कंपनीच्या जीपनं साइटवर जायची, किती काम झालं ते लिहून आणायची आणि पट्ट्यांमध्ये भरायची. पहिल्या गुरुवारी ती शेडमध्ये गेली तर बिरदेव भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यासमोर उभा होता. इंग्रजी अक्षरं तो जोडून जोडून वाचायचा.

"नूरजहाँताई, ह्यो सावळाराम काळे कंदी येतुय?" त्यानं विचारलं.

"साहेब बोलत्यात त्याच्याशी," ती म्हणाली. "येईल दोन दिवसांत."

"येऊ द्या बाबा. तवर मी वडतो त्येचं."

खरं सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. ते तिनं सांगितलं नाही. साहेब खरंच कुणाशी तरी बोलत असतील, असं तिनं स्वतःला पटवलं. दोन दिवस म्हणजे फार नाहीत, असंही पटवलं.

पुढच्या सोमवारी ती गेली तेव्हा बिरदेवचे डोळे लाल होते. तो सकाळी सहाला बॉयलरवर चढायचा. मधेच लाइनवरचा जोड तयार झाला की हाळी यायची. मग तो लाइनवर जायचा, जोड मारायचा, परत बॉयलरवर यायचा. आठवडाभर घरी गेला नव्हता, शेडमध्येच आडवा होत होता. तक्त्याकडे बोट करून तो एवढंच म्हणाला की सावळाराम अजून आलेला नाही. तक्रार म्हणून नव्हे, तिला ठाऊक नसेल म्हणून सांगावं तसं म्हणाला. आणि नूरजहाँ दुसऱ्यांदा "येईल" म्हणाली.

परत आल्याबरोबर ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. दार न वाजवता शिरली, हे तिच्या मागून लक्षात आलं. तिनं सांगितलं की एक तर माणूस आणा, नाहीतर ते नाव काढून टाका आणि तारीख पुढे न्या. भापकरांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि तिनंच भरलेला तक्ता तिच्यापुढे सरकवला. दोन्ही पट्ट्या वेळेवर चालल्या होत्या. मग अडतंय कुठे? त्यांचा प्रश्न खरा होता. पट्ट्या वेळेवरच चालल्या होत्या. एक माणूस दोघांचं काम करत होता, त्यामुळे नसलेला माणूस हजर दिसत होता. बिरदेव जितका मरमर मरत होता, तितका सावळाराम काळे खरा होत होता. हे तिला सांगता येईना; नुसता आवाज चढला. साहेब म्हणाले की आतारबाई, तुम्ही तुमचं टायपिंग बघा.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, दुपारी पावणेचारला साइटवरून फोन आला. तो तिनंच घेतला.

त्या दिवशी लाइनवर एका जोडाचं तोंड तापवून ठेवलं होतं. जाड नळीचं तोंड आधी तापवतात आणि ते गार व्हायच्या आत जोड मारतात, नाहीतर पुढे तडा जातो. बिरदेव बॉयलरच्या फळीवर अर्धवट कामात होता. खालून हाळी आली. फळीवरून शिडीनं उतरून, आवार ओलांडून, पलीकडच्या शिडीनं लाइनवर चढायचं म्हणजे दहा मिनिटं. मधल्या लोखंडी तुळईवरून चालत गेलं तर दोन. गेले दहा दिवस तो दिवसातून चार-पाच वेळा त्या तुळईवरून जात होता. सगळ्यांनी पाहिलेलं होतं. कारखान्याच्या लोकांनीही पाहिलेलं होतं. काम वेळेवर चाललं होतं म्हणून कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी तुळईच्या मध्यावर त्याचा पाय गेला. अठरा-वीस फुटांवरून तो खाली काढून ठेवलेल्या जुन्या नळ्यांच्या ढिगावर पडला. खुबा मोडला आणि उजवं मनगट.

बारामतीला दवाखान्यात त्याच्या खुब्यात सळई घातली. तिकडे साइटवर, वीस दिवस शोधून न मिळालेला परवान्याचा वेल्डर तिसऱ्या दिवशी मिळाला. एक नाही, दोन मिळाले. हे कळलं तेव्हा नूरजहाँ टेबलाशी डबा उघडून बसली होती. तिनं डबा बंद केला. बॉयलर दसऱ्याला पेटला नाही, चार दिवसांनी पेटला, आणि त्या चार दिवसांनी कुणाचं काही बिघडलं नाही. पत्रिकेवर नुसती तारीख खोडून नवी लिहिली.

ती दोनदा दवाखान्यात जाऊन आली, पण दोन्ही वेळा बिरदेव गुंगीत होता. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो शुद्धीवर होता, आणि त्याची बायको साखरबाई खाटेशेजारी सतरंजीवर बसलेली होती. साखरबाईनं थर्मासमधला चहा ग्लासात ओतून तिला दिला आणि कनवटीला लावलेला एक कागद काढून पुढे केला. कंपनीचा होता. आदल्या दिवशी शिपाई खाटेवर आणून देऊन गेला होता.

नूरजहाँनं वाचला. सदर दिवशी वाफेच्या लाइनचे काम श्री. सावळाराम काळे यांच्याकडे सोपविलेले असताना आपण कोणाच्याही परवानगीशिवाय स्वतःची नेमून दिलेली जागा सोडून, धोकादायक मार्गाने तेथे गेलात, दुसऱ्याच्या कामात हस्तक्षेप केलात व अपघातास स्वतः कारणीभूत झालात. आपणास नोकरीतून कमी का करू नये याचा खुलासा करावा. सोबत वेळापत्रकाची प्रत जोडली होती. तिनंच काढलेली प्रिंट.

"ताई, तुमच्या हापिसात त्या सावळारामाचं गाव लिवलेलं आसंल की," साखरबाई म्हणाली. "मला तेवढं द्या. मी लासुर्ण्याला जाऊन आले. कळसला गेले. तितं एक सावळाराम काळे घावला, पर त्यो म्हातारा, कानानं बहिरा. त्येला वेल्डिंग म्हंजी काय त्येच ठावं न्हाय. तरी म्या त्येला दोनदा इचारलं."

"कशाला शोधताय मामी त्याला?"

"त्यानं हितं येऊन येवढं म्हणावं, का मीच बिरदेवला हाळी दिली. बाकी काय नगं. ह्यांची तेहतीस वर्सं गेली लोकंडात. आता दुसऱ्याच्या कामात नाक खुपसलं म्हून काढलं, आसं लोकांत व्हायला नगं. मी त्येच्या पाया पडंन."

नूरजहाँच्या हातात चहाचा ग्लास होता. तो खाली ठेवायला तिला जागा दिसेना.

"मामी, सावळाराम न्हाय," ती म्हणाली.

"कुटं गेलाय?"

"कुठं गेला न्हाय. असा माणूसच न्हाय. साहेबांनी एक नाव टाकायला सांगितलं, मी टाकलं. मी टाइप केलाय त्याला."

साखरबाईला ते उमगायला वेळ लागला. ती नवऱ्याकडे बघत राहिली, मग नूरजहाँकडे. खाटेवरून बिरदेव बोलला तेव्हा त्याचा आवाज घोगरा आणि बारीक होता.

"मला वाटायचं कामचुकार हाय. रोज शिव्या घालायचो त्येला मनात."

मग साखरबाई उठली. नूरजहाँच्या हातातला अर्धा भरलेला ग्लास तिनं काढून घेतला, मोरीपाशी नेला, चहा ओतून दिला आणि ग्लास खळखळून धुतला. परत आली ती तिच्याकडे पाठ करून बसली. नूरजहाँ निघून आली.

तिला रडू आलं नाही. रिक्षाही केली नाही. दवाखान्यापासून घरापर्यंत ती भर उन्हात चालत गेली आणि चालताना तिचा राग एकेक करून सगळ्यांवर फिरला. साहेबांवर, कारखान्यावर, ती हाळी देणाऱ्यावर, दहा दिवस तुळईकडे बघून न बघितल्यासारखं करणाऱ्यांवर. पण फिरून फिरून तो स्वतःच्याच बोटांवर येऊन थांबत होता. खोटं नाव टाकायला सांगितलं ते साहेबांनी. "येईल" असं बिरदेवच्या तोंडावर दोनदा म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात बिरदेवची चौकशी लागली. आदल्या दिवशी भापकरांनी तिला बोलावून घेतलं. समजुतीच्या सुरात सांगितलं की हा तक्ता आपल्याच ऑफिसातला आहे एवढंच तुम्ही सांगायचं, त्यापुढे कुणी काही विचारणार नाही. बिरदेवचं पुढे बघू, मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. पण कागदावर चूक कंपनीची दिसली तर पुढची कामं जातील आणि मग बिरदेवसारखे साठ जण घरी बसतील, तुम्हीही. नूरजहाँ गप्प राहिली. साहेबांनी तो होकार धरला. नऊ वर्षं तिच्या गप्प राहण्याचा तोच अर्थ होत आला होता.

चौकशी ऑफिसातच होती. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीनं बारामतीचे सोपानराव गावडे वकील नेमले होते. एका बाजूला भापकर, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वतीनं आलेले दोघे. बिरदेव कुबड्या भिंतीला टेकवून खुर्चीवर बसला होता. उजवा हात प्लास्टरमधून नुकताच निघालेला, पांढरा फटक आणि बारीक. साखरबाई दाराबाहेर बाकावर होती.

वकिलांनी तक्ता दाखवून विचारलं की हा तुम्हीच तयार केला का. ती हो म्हणाली. मग त्यांनी सरळ पुढचा कागद उचलला.

"वकीलसाहेब, माझं झालं न्हाय अजून," नूरजहाँ म्हणाली. "सावळाराम काळे नावाचा माणूस कंपनीत कधीच नव्हता. दोन्ही कामं एकदम दाखवली की बिरदेवमामांचं नाव लाल होत होतं. माणूस एक, त्याचे तास आठ, आणि काम रोज सोळा तासांचं. ते लाल जायला म्हणून ते नाव मी बनवलं. भापकरसाहेबांनी सांगितलं, म्हणून बनवलं."

भापकर शांतपणे म्हणाले की बाईंचा गैरसमज होतोय. काळे येणार होता, ऐनवेळी आला नाही. बाईंचे मारकडांशी घरोब्याचे संबंध आहेत, त्यांचं मन दुखावलंय, तेवढं समजून घ्यावं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले की छापील कागदावर नाव स्पष्ट आहे. तो माणूस नव्हताच याला तुमच्या सांगण्यापलीकडे पुरावा काय?

नूरजहाँ उठली. कॉम्प्युटर त्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. तिनं त्याच्यावरचं कापड काढलं, बटण दाबलं आणि तो सुरू होईपर्यंत सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. पट्ट्या आल्या तशी तिनं सावळाराम काळेचं नाव पुसलं आणि लाइनचं काम बिरदेवच्या नावावर टाकलं. त्याचं नाव लाल झालं. कामगारांकडचे दोघे उठून जवळ आले.

"वकीलसाहेब, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"माझं कशाला?"

"सांगा तर."

त्यांनी सांगितलं. तिनं एकेक अक्षर दाबत टाइप केलं. सोपान मारुती गावडे, वेल्डर. लाइनचं काम त्या नावावर टाकलं. लाल गेलं. मग तिनं प्रिंट काढली. प्रिंटर ओरडत होता तोवर सगळे कागदाकडे बघत राहिले. तिनं कागद फाडून वकिलांच्या पुढे ठेवला.

"आता लाइनचे सगळे जोड तुमच्या नावावर हायत. सकाळी आठला चढायचं, वीस फूट. छापील कागदावर नाव हाय, म्हंजे तुमी तिथं हजर हाय." तिनं वकिलांपुढच्या कागदांकडे बोट केलं. "आणि अजून एक लिहून घ्या. बिरदेवमामांनी मला दोनदा विचारलं, सावळाराम कधी येणार. मी दोनदा येईल म्हणाले. मला ठाऊक होतं. तेबी लिहा."

गावडे वकील कंपनीनं नेमलेले होते, पण वकील होते. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग भापकरांना विचारलं की काळेंचा हजेरीपट आहे का? परवान्याची नक्कल? नेमणुकीचं पत्र? भापकर खिडकीबाहेर बघत राहिले. बिरदेवला काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर त्यानं नाही म्हणून मान हलवली.

महिन्याभरानं पत्र आलं. श्री. मारकड यांच्या प्रदीर्घ सेवेचा सहानुभूतीपूर्वक विचार करून आरोप मागे घेण्यात येत आहेत. तो सहानुभूती हा शब्द वाचून नूरजहाँच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक कुणाची, ते कुठेच नव्हतं. सावळाराम काळेचं नाव कुठेच नव्हतं. जणू बिरदेवनं काहीतरी केलं होतं आणि कंपनीनं मोठ्या मनानं पोटात घातलं होतं. भापकर जागेवरच राहिले. पुढच्या साली त्यांना बढती मिळाली.

बिरदेव जानेवारीत कामावर आला. मनगट सरळ जुळलं नव्हतं. हातात होल्डर धरला की टोक थरथरायचं. त्याला वेल्डिंगच्या कांड्यांच्या स्टोअरमध्ये खिडकीशी बसवलं; कुणी मागेल त्याला कांड्या मोजून द्यायच्या. परवान्याची मुदत मार्चमध्ये संपली. नूतनीकरणासाठी पुन्हा जोड मारून दाखवावा लागतो. तो गेलाच नाही.

नूरजहाँची खुर्ची ऑफिसातून उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, रिकाम्या ड्रमांच्या शेजारी. टेबल दिलं नाही, काम दिलं नाही. कॉम्प्युटरवर नवीन मुलगा बसवला. रोज साडेआठला यायचं, त्या खुर्चीवर बसायचं आणि साडेपाचला जायचं. ती चार महिने बसली. एक दिवस रजा घेतली नाही. आपण उठावं हेच त्यांना हवं आहे, हे कळत होतं म्हणून बसली. शेवटी अमजदनं एका संध्याकाळी सांगितलं की तू त्यांना चार महिने शिक्षा देतेस असं तुला वाटतंय, पण उन्हात पत्र्याखाली तूच बसलीयेस. बारामतीतला एक टायपिंग क्लास कॉम्प्युटर शिकवायला बाई शोधत होता. तिनं राजीनामा हातानं लिहिला, कारणाच्या जागी कारण लिहिलं, तीन पानांचं, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलली नाही.

शेवटच्या दिवशी साडेपाचला ती फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होती. मार्च संपत आला होता, रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. कंपनीच्या फाटकातून बिरदेव काठी टेकत आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. त्याची घरी जायची जीप केव्हाच गेली होती.

तिनं विचारलं की मामी अजून रागावल्यात का.

"हाय राग," तो म्हणाला. "तिचं बरोबर हाय."

"व्हय," नूरजहाँ म्हणाली.

"तुमीबी बरोबर केलं मागनं. पर मागनं केलं." त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "त्या दिवशी वकिलाम्होरं तुमी बोलला. मला कुणी इतक्या वर्सांत आसं मोजलं न्हवतं. येक माणूस, आठ तास. ते ऐकून बरं वाटलं."



इंदापूरकडून गाडी आली. ती माणसांनी गच्च भरलेली होती आणि ड्रायव्हरनं लांबूनच हात हलवून मागची येतेय अशी खूण केली. वेग कमी केला नाही. बिरदेव कडेच्या उंचवट्यावरून डांबरावर उतरला. मोडका पाय आधी, मग काठी, मग चांगला पाय. रस्त्याच्या मधोमध जाऊन तो गाडीकडे तोंड करून उभा राहिला. ब्रेक करकरले. गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन काय काय बोलला. बिरदेवनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

कंडक्टरनं दार उघडलं. नूरजहाँ चढली. दाटीतून वाट काढत ती खिडकीपाशी पोचली, तोवर बिरदेव तिथेच उभा होता. ती दिसली तेव्हा त्यानं काठी उचलली आणि बाजूला व्हायला सुरुवात केली. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. त्या पायाला जेवढा वेळ लागायचा तेवढा त्यानं घेतला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबला होता. सगळी गाडी थांबून राहिली होती.